कुतचा वेढा, पूना डिव्हिजन आणि युद्धाचा अपुरा राहिलेला हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जगात सध्या चाललेल्या युद्धांविषयी आपल्याकडे रोज भरपूर छापून येते. त्यात कोणत्या देशाने किती भूभाग घेतला, कोणते नवे शस्त्र वापरले, कोणता नेता काय म्हणाला हे सविस्तर असते. परंतु लढणाऱ्या शिपायाचे जे हाल होतात ते राज्यकर्त्यांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतात, पोहोचल्यावर त्यांचे काय केले जाते आणि त्यातून पुढे देशांचे भवितव्य कसे घडते किंवा बिघडते, याचा विचार क्वचितच होतो. हा विचार करण्यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधील मोहीम महाराष्ट्राच्या गावागावांतून गेलेल्या माणसांनी लढली आहे, आणि तरीही ती आपल्या सार्वजनिक स्मरणातून जवळजवळ पुसली गेली आहे. तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे. पत्र लांबले तरी कृपया छापावे, ही विनंती.

मेसोपोटेमिया तेव्हा तुर्की साम्राज्याचा भाग होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये भारतातून गेलेल्या फौजा शत अल-अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे उतरल्या आणि त्याच महिन्यात त्यांनी बसरा घेतले. इराणच्या आखातावरील वर्चस्व आणि अबादान येथील तेलाचा कारखाना सुरक्षित ठेवणे हा मूळ हेतू होता, आणि तो बसऱ्यातच साध्य झाला होता. पुढे जाण्याचा मोह मात्र आवरला नाही. या मोहिमेचा कणा असलेल्या फौजेचे नावच सहावी (पूना) डिव्हिजन असे होते. तीत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तीन मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या सप्टेंबरात कुत-अल-अमारा हे तैग्रिस नदीच्या वळणावरचे गाव हाती आल्यावर मोहिमेचे प्रमुख सेनापती जनरल निक्सन यांनी बगदादचा आग्रह धरला. त्यांच्या हाताखाली पूना डिव्हिजनचे नेतृत्व करणाऱ्या जनरल टाउनशेंड यांना मनुष्यबळ आणि रसद दोन्ही अपुरे वाटत होते. तरीही लंडनने होकार दिला, कारण तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे तुर्कांकडून मार खावा लागत असल्यामुळे ब्रिटनची पत सांभाळण्यासाठी कुठेतरी एक मोठा विजय हवा होता. बगदादची ती चाल लष्करी गणितावर आखलेली नव्हती, राजकीय अडचणीवर शोधलेला तो उतारा होता, आणि त्याची किंमत सातारा, रत्नागिरी, बेळगाव, पंजाब, राजपुताना येथून गेलेल्या शिपायांनी मोजली.

२२ नोव्हेंबर १९१५ पासून बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे जी लढाई झाली, तीत टाउनशेंड यांचे चार हजारांहून अधिक लोक ठार किंवा जखमी झाले. फौज माघारी फिरली. यानंतर जे घडले ते मला लढाईपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. नदीतून चालणाऱ्या बोटी मुळातच कमी होत्या, रुग्णवाहिका जवळजवळ नव्हत्या, डॉक्टर आणि औषधे यांचा तुटवडा होता. जखमींना स्प्रिंग नसलेल्या बैलगाडीवजा गाड्यांतून नदीकाठी आणले गेले आणि मग बोटींच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने निजवले गेले. बसऱ्याला पोहोचेपर्यंत काहींना जवळजवळ दोन आठवडे लागले. ‘मेजिदिये’ नावाची अशी एक बोट बसऱ्याला लागली, तेव्हा तिथल्या इस्पितळी जहाजावर असलेले मेजर कार्टर हे वैद्यकीय अधिकारी तिच्यावर चढले. त्यांनी पाहिले ते असे की, आमांशाने आणि जखमांनी जर्जर झालेली माणसे स्वतःच्याच मलमूत्रात पडून होती, मलमपट्ट्या अनेक दिवस बदललेल्या नव्हत्या आणि मोडलेली हाडे जी काही लाकडे हाती लागली त्यांनी बांधलेली होती. कार्टर यांनी हे वरिष्ठांना लेखी कळवले. वरिष्ठांनी उत्तरादाखल त्यांना नसत्या उठाठेवी करणारा ठरवले आणि अटकेची धमकी दिली. त्याच काळात सरकारी तारा मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याचे कळवत होत्या.

युद्धकाळात खरे बोलणारा माणूस आपल्याच बाजूला अडचणीचा वाटू लागतो, हे त्या एका प्रसंगातून जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या जाडजूड ग्रंथातूनही दिसणार नाही.

कुतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झाला आणि जवळजवळ पाच महिने चालला. आत अडकलेल्या फौजेला सोडवण्यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांतच सुमारे २३ हजार माणसे ठार वा जखमी झाली, म्हणजे ज्यांना सोडवायचे होते त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक. आत धान्य संपत चालले तेव्हा घोडे आणि खेचरे कापावी लागली. अनेक भारतीय शिपायांनी धर्माच्या आणि जातीच्या भयाने, तसेच गावी परतल्यावर वाळीत टाकले जाऊ या चिंतेने, ते मांस खाण्यास बराच काळ नकार दिला. भारतातून धर्मगुरूंची अनुमती तारेने मागवूनही अनेकांची भीती गेली नाही. परिणामी त्यांच्यात स्कर्व्ही, म्हणजे ताज्या अन्नाच्या अभावी होणारा रोग, वेगाने पसरली. वेढ्याचा इतिहास लिहिणाऱ्या काही ब्रिटिश अधिकाऱ्यांनी याला हट्ट म्हटले आहे. मला तसे म्हणवत नाही. ज्याला आपण जिवंत परतू की नाही हे ठाऊक नाही, तोसुद्धा परतल्यावर आपल्या बायकामुलांना भावकी पंक्तीला घेईल का याचा विचार करतो, त्याची ती घालमेल समजून घेण्याचे साधन त्या सैन्यव्यवस्थेकडे नव्हते, कारण तिच्यात निर्णय घेणाऱ्या पदावर एकही भारतीय नव्हता. मुसलमान शिपायांचा पेच आणखी वेगळा होता. समोरचा शत्रू म्हणजे तुर्की सुलतानाचे, त्यांच्या खलिफाचे सैन्य होते, भोवतालची भूमी त्यांच्या पवित्र स्थानांची होती, आणि तुर्कांकडून त्यांना फितुरीची निमंत्रणे पाठवली जात होती. बहुसंख्य तरीही पलटणीशी एकनिष्ठ राहिले.

२९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यापूर्वी तुर्कांना मोठी रक्कम देऊन फौज सोडवण्याचाही प्रयत्न झाला होता. तुर्कांनी तो फेटाळला आणि त्याची जाहीर वाच्यता करून ब्रिटनची नाचक्की केली. ज्या गावकऱ्यांनी वेढ्यात इंग्रजांना साहाय्य केल्याचा संशय होता, त्यांतील काहींना तुर्कांनी फासावर दिले. युद्धाच्या इतिहासात अशा गावकऱ्यांना दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही, म्हणून ही नोंद येथे मुद्दाम करतो.

कैद्यांचे पुढे काय झाले? भुकेने खंगलेल्या शिपायांना बगदाद, समारा, मोसुल असे चालवत वाळवंटातून उत्तरेकडे नेण्यात आले. वाटेत पाण्यावाचून, उन्हाने आणि आमांशाने हजारो मेले. उरलेल्यांपैकी भारतीय कैद्यांना मोठ्या संख्येने रास अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. कुतमध्ये पकडलेल्या साध्या ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक कैदेत मेले. भारतीयांतीलही हजारो परतले नाहीत, आणि त्यांचे आकडे तर नीट लावलेच गेले नाहीत. जनरल टाउनशेंड यांना मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला, नोकरचाकर आणि फिरण्याची मोकळीक मिळाली. कैदेत असतानाच त्यांना ‘सर’ हा किताब देण्यात आला, आणि १९२० मध्ये ते पार्लमेंटचे सभासद म्हणून निवडून आले. एकाच शरणागतीचे हे दोन शेवट आहेत.

आता राजकारणाकडे येतो, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे. कुतच्या बातमीने ब्रिटनमध्ये इतका क्षोभ झाला की ऑगस्ट १९१६ मध्ये लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. ज्या मेजर कार्टर यांना धमकावले गेले होते, त्यांची साक्ष आयोगाने घेतली आणि ती खरी मानली. जून १९१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात निक्सन यांच्यापासून व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग आणि सरसेनापती सर बोचँप डफ यांच्यापर्यंत अनेकांवर ठपका होता. ब्रिटिश मंत्रिमंडळात भारताचा कारभार पाहणारे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलैत राजीनामा दिला. पार्लमेंटमधील चर्चेत भारत सरकारची यंत्रणा लाकडी, लोखंडी आणि कालबाह्य असल्याची सडकून टीका करणारे एडविन माँटेग्यू काही दिवसांतच त्या पदावर आले, आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची ती प्रसिद्ध घोषणा केली. त्या घोषणेमागे लखनौ करार, होमरूल चळवळ, युद्धासाठी भारतातून हवी असलेली माणसे आणि पैसा अशी अनेक कारणे होती, हे मान्यच आहे. परंतु ज्या मंत्र्याने ती केली तो मंत्री त्या जागी येण्यास निमित्त झाले ते तैग्रिसच्या बोटीवर सडत पडलेल्या जखमींच्या हालांचे. शाळेच्या पुस्तकांतून आपण ‘माँटेग्यू घोषणा’ पाठ करतो. तिच्यामागे असलेल्या या शिपायांचा उल्लेख मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही.

लोकमान्य टिळकांना हा संबंध तेव्हाच दिसत होता. १९१४ मध्ये मंडालेहून सुटून आल्यावर त्यांनी युद्धात सरकारला साहाय्य करण्याची भूमिका घेतली, परंतु बदल्यात काय, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. भारतीयांनी लढायचे असेल तर त्यांना सैन्यात अधिकारपदे आणि देशात स्वराज्याचे अधिकार मिळाले पाहिजेत, अशी त्यांची मागणी होती. जून १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी मुंबईत भरवलेल्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याचा विषय काढू लागताच त्यांना बोलू दिले नाही, तेव्हा ते सभागृहातून निघून गेले. त्याच सुमारास त्यांनी गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा धनादेश पाठवला होता: भारतीयांना अधिकारपदे देण्याचे वचन गांधीजींनी सरकारकडून मिळवावे, मग आपण महाराष्ट्रातून पाच हजार माणसे भरती करून देऊ, आणि न दिल्यास ही रक्कम जप्त समजावी. गांधीजींनी तो धनादेश परत केला, कारण त्यांना साहाय्याला अट जोडणे मान्य नव्हते. या मतभेदात कोणाचे बरोबर होते यावर वाद होऊ शकतो. माझे मत टिळकांच्या बाजूचे आहे. शिपायाचे रक्त विनाअट देऊन टाकण्याचा अधिकार कोणत्याही पुढाऱ्याला नसतो, आणि पुढे जे घडले त्याने विनाअट साहाय्याचे फळ काय मिळते ते दाखवून दिले.

१९१५ चा भारत संरक्षण कायदा युद्धापुरता आहे असे सांगितले गेले होते. युद्ध संपल्यावर त्यातले अधिकार सोडण्याऐवजी मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आणला गेला, आणि १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत, ज्या पंजाबने सर्वाधिक शिपाई दिले त्याच पंजाबच्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. माँटेग्यू सुधारणांचा मसुदा पाहून ‘केसरी’ने, उजाडले पण सूर्य कोठे आहे, असे विचारले होते, अमृतसरनंतर उजाडल्याचीही खात्री उरली नाही.

महार समाजाचा अनुभव याहून कडू आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात पिढ्यान् पिढ्या चाकरी केलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही ठरावीक जातीच लढाऊ असतात या सिद्धान्ताखाली बंद करण्यात आली. तिच्याविरुद्ध शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांनी अर्जविनंत्या केल्या, त्यांना दाद मिळाली नाही. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा मात्र १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ पर्यंत तीही मोडण्यात आली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल आणि दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. संकट आले की जवळ करायचे आणि टळले की दूर लोटायचे, हा व्यवहार परकी सरकारनेच केला असे मानून आपण मोकळे होऊ नये. ज्या जातिव्यवस्थेच्या आधारावर तो झाला ती आपलीच होती.

घरी राहिलेल्यांनाही युद्धाने सोडले नाही. महागाई वाढली, १९१८ मध्ये पावसाने दगा दिला, आणि त्याच वर्षी मे-जूनच्या सुमारास सैन्याची ने-आण करणाऱ्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा आला. त्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे मेली. सर्व आघाड्यांवर मिळून युद्धात मेलेल्या भारतीय सैनिकांची संख्या सुमारे ७४ हजार धरली जाते. म्हणजे लढाईपेक्षा लढाईच्या वाटेने आलेल्या रोगाने आपल्याकडची घरे कितीतरी अधिक रिकामी केली.

राष्ट्रांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. मार्च १९१७ मध्ये जनरल मॉड यांनी बगदाद घेतले आणि आम्ही जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आलो आहोत असे जाहीर केले. प्रत्यक्षात ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९१६ मध्येच गुप्त करार करून तो सगळा प्रदेश आपसांत वाटून घेतला होता. १९२० च्या एप्रिलमध्ये सान रेमो येथे इराकचा ताबा ब्रिटनकडे देण्याचे ठरले, आणि त्याच उन्हाळ्यात तिथले लोक उठले. उठाव मोडण्यासाठी पुन्हा मोठ्या संख्येने भारतीय पलटणीच वापरल्या गेल्या. म्हणजे स्वतःच्या देशात स्वराज्य मागणाऱ्या लोकांची मुले दुसऱ्यांचे स्वराज्य दडपायला पाठवली गेली. त्यात हजारो इराकी मेले. बसरा, बगदाद आणि मोसुल हे तीन तुर्की प्रांत जोडून एक राज्य करण्यात आले, हेजाजमधून आलेल्या फैसल यांना ऑगस्ट १९२१ मध्ये गादीवर बसवले गेले, आणि शिया, सुन्नी, कुर्द यांना एकत्र नांदवण्याचा प्रश्न पुढच्या शंभर वर्षांवर ढकलला गेला. तिकडे भारताला व्हर्साय येथील तहावर स्वतंत्र सही करण्याचा आणि राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद होण्याचा मान मिळाला. भारताच्या वतीने सही केली ती माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. स्वतःचे सरकार नसलेला देश जगाच्या पंक्तीला बसवला गेला, आणि ज्यांच्या जिवावर ते पान मिळाले ते कुठेच नव्हते.

त्यांची नावेसुद्धा नव्हती, हे मी अक्षरशः म्हणतो. बसरा येथे मेसोपोटेमियातील मृतांचे जे मोठे स्मारक उभारले गेले, त्याच्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. भारतीय शिपायांची मात्र पलटणीच्या नावापुढे केवळ संख्या लिहिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून अशा भेदभावाबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, ती चौकशी झाली हे चांगले झाले. परंतु आपण महाराष्ट्रात याबाबत काय केले?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्या ४६ जणांचे स्मारक जपले गेले आहे आणि गाव त्याचा अभिमान बाळगते. परंतु तसे भाग्य सर्व गावांना लाभलेले नाही. महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या होत्या, ज्यांवर या गावातून किती माणसे गेली आणि किती मेली एवढे नोंदवलेले आहे. त्यांतल्या कित्येक आज चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर चुन्याखाली गेल्या आहेत, काही इमारत पाडताना फुटल्या आहेत. या पाट्यांवरही बहुधा आकडेच असतात, नावे नसतात.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. राज्य शासनाच्या पुराभिलेख आणि दर्शनिका (गॅझेटियर) विभागांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या साहाय्याने या गावपाट्यांची जिल्हावार पाहणी करावी आणि त्यांची छायाचित्रे व मजकूर सर्वांना पाहता येईल असा खुला करावा. बसऱ्याच्या स्मारकावर ज्यांची केवळ संख्या आहे, त्यांपैकी मराठा पलटणींतील आणि महाराष्ट्रातून गेलेल्या हमाल, भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले अशा बिनलढाऊ माणसांची नावे गावांसह मराठीत प्रसिद्ध करावीत. ही माणसे तर शिपायांच्या यादीतही येत नाहीत. आणि इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत १९१७ च्या घोषणेबरोबर कुतचा वेढा आणि त्यानंतरची चौकशी यांचा उल्लेख यावा, म्हणजे मुलांना सुधारणा लंडनमधील कोणाच्या उदारपणातून उतरल्या असे वाटणार नाही.

या चौकशीतून आजच्या राज्यकर्त्यांसाठीही एक प्रश्न उभा राहतो. युद्ध चालू असतानाच ब्रिटनने आपल्या सेनापतींची आणि व्हाइसरॉयची चौकशी केली, अहवाल छापला आणि मंत्र्याने जागा सोडली. आपल्याकडे १९६२ च्या चीनयुद्धातील पराभवाविषयीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल साठ वर्षांनंतरही सरकारने अधिकृतपणे पूर्ण खुला केलेला नाही. तो खुला केल्याने सैन्याचे मनोबल खचेल असे म्हणणाऱ्यांनी हे तपासावे की, हॅमिल्टन आयोगाची चौकशी सुरू असतानाच मेसोपोटेमियात बोटी वाढल्या, इस्पितळे सुधारली, रसद सुरळीत झाली, आणि त्याच सैन्याने १९१७ मध्ये कुत परत घेऊन बगदाद गाठले.

ज्या वाचकांच्या घरी मेसोपोटेमियाला गेलेल्या पणजोबा-खापरपणजोबांची पदके, पेन्शनची कागदपत्रे किंवा पत्रे असतील, त्यांनी ती निदान छायाचित्रित करून जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाकडे किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे द्यावीत. पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेवढ्यावरून पुढचा शोध घेता येतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा